अंगणवाडी दत्तक घेतली, पुढे काय?

अंगणवाडीच्या भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र टांगलेलं असतं. त्याच्याखाली देणाऱ्याच्या नावाची पाटी. वायर गुंडाळून वर खोचलेली, कारण आतली गाळणी बदलायची वेळ कधीच उलटून गेली आणि नवीन कुणी आणायची हे यंत्र बसवताना ठरलंच नव्हतं. मुलं पाणी पितात ते कोपऱ्यातल्या माठातलं. हे दृश्य अनेक गावांत दिसतं आणि अंगणवाडीतल्या लोकसहभागाचं कुठे चुकतं ते त्या गुंडाळलेल्या वायरीवरून लगेच कळतं.

महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये अंगणवाडी दत्तक घेण्याचं धोरण आणलं. व्यक्ती, संस्था, कंपन्या यांनी एखाद्या अंगणवाडीला हातभार लावावा, अशी ती कल्पना. तेव्हापासून रंगवलेल्या भिंती, नवी खेळणी, फीत कापणारे पाहुणे यांच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचून साधे प्रश्न पडतात. अंगणवाडी तर सरकारची, मग हे बाहेरचे लोक नेमकं काय करतात? आपण काही करू शकतो का? आणि यातून सरकार अंग काढून घेतंय का?

आधी अंगणवाडी म्हणजे काय ते पाहू

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, त्यातल्या साधारण १ लाख १० हजार महाराष्ट्रात. खिचडी हे तिथलं फक्त एक काम. योजनेत सहा सेवा येतात: पूरक पोषण आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण, महिलांसाठी आरोग्य व आहार शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं. शेवटच्या तीन सेवा आरोग्य विभागाच्या भरवशावर चालतात. म्हणजे अंगणवाडी मुळातच एका खात्याच्या जोरावर चालणारी गोष्ट नाही.

नावातही हे आहेच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासोबत कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर काम केलं. पाड्यावरचं मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात नेऊ, असा त्यांचा साधा विचार होता. अंगण कुणाचं? पाड्याचं. सरकारी योजनेने पुढे अंगणवाडी हेच नाव घेतलं, पण अंगणाचा मालक हळूहळू लाभार्थी होऊन रांगेत उभा राहिला.

लोकसहभाग म्हणजे देणगी नाही

हा शब्द सरकारी कागदांत इतका वापरलाय की त्याला अर्थच उरलेला नाही. म्हणून एकदाच नीट सांगतो. लोकसहभाग म्हणजे गावातली माणसं, पालक, बचत गट, ग्रामपंचायत, संस्था किंवा कंपनी यांनी अंगणवाडीच्या कामातला ठरावीक वाटा उचलणं, त्या कामाबद्दलच्या निर्णयात बसणं आणि आपला वाटा अडला तर जबाब देणं. वाटा, निर्णय आणि जबाब या तिन्ही गोष्टी हव्यात. नुसता वाटा उचलला तर ती देणगी होते. देणगी वाईट नाही, पण तिला भागीदारी म्हणू नये.

गावजेवणाची पंगत आठवा. जिलेबीचं ताट घ्यायला दहा तरुण पुढे येतात. पाण्याची बादली घेऊन कुणाला फिरायचं नसतं. अंगणवाडीत भिंतीवरचं कार्टून, टीव्ही, गणवेश ही जिलेबी. गळकं छत, संपलेला गॅस, अडकलेलं बिल, वजनकाट्याची बॅटरी हे पाणी. जिलेबी वाढणाऱ्याचा फोटो येतो, म्हणून तिथे गर्दी.

पैशाचा हिशेब, आणि तो कुठे अडतो

आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. २०१७-१८ मध्ये ठरलेला दर सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, अतितीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेसाठी ९ रुपये ५० पैसे. अन्न सुरक्षा कायदा २०१३ च्या मूळ परिशिष्टात तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यावीत असं लिहिलं होतं.

आता गणित करू. ताजा आहार घेणारी २५ मुलं, महिन्याचे २५ दिवस, दर ८ रुपये: महिन्याला ५,००० रुपये. आहार शिजवणारा बचत गट किराणा उधार आणतो, शिजवतो, बिल देतो. बिल पर्यवेक्षिकेकडे, तिथून बालविकास प्रकल्प कार्यालयात, मग वर. मंजुरीला तीन महिने लागले तर गटाचे १५,००० रुपये अडकले. दुकानदार दुसऱ्या महिन्यापर्यंत थांबतो. तिसऱ्या महिन्यात तो डाळ कमी देतो किंवा हलकी देतो. चौथ्या महिन्यात खिचडीतली डाळ शोधावी लागते. तपासणीला आलेला माणूस मग गटाला चोर ठरवतो. चोरी होत नाही असं नाही, पण पातळ खिचडीच्या मागे पुष्कळदा थकलेलं बिलच असतं.

माझ्या मते गावाचा पैसा सर्वात जास्त उपयोगी पडतो तो इथे. टीव्हीला जेवढे पैसे लागतात तेवढ्याच रकमेचं खेळतं भांडवल, म्हणजे १०,००० ते १५,००० रुपये, बचत गटाला बिनव्याजी द्यायचं. बिल मंजूर झालं की रक्कम परत येते आणि पुढच्या अडचणीला पुन्हा वापरता येते. पैसा कुठेही जात नाही, नुसता फिरत राहतो. या भांडवलाची नोंद वेगळ्या वहीत ठेवायची आणि दर महिन्याला पालकांसमोर वाचायची. पाटी लावायला इथे भिंत मिळत नाही, म्हणून अशी मदत देणारे कमी.

बचत गटच का, ठेकेदार का नको? सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत, शक्यतो गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळांमार्फत धान्य खरेदी व स्वयंपाक व्हावा, असं स्पष्ट सांगितलं. तरी घरपोच आहाराच्या, म्हणजे घरी न्यायला दिल्या जाणाऱ्या पाकिटांच्या, निविदा अशा अटींनी काढल्या जात की छोटे गट आपोआप बाहेर पडत. महाराष्ट्रातली अशीच एक निविदा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केली. ती लढाई बचत गटानेच न्यायालयात नेली होती.

आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने केली आहे. तिथे चार सदस्यांची आहार समिती असते आणि पैसे समितीच्या खात्यात येतात, त्यातून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. खातं गावात असल्यामुळे पैसे आले नाहीत हे गावाला त्याच आठवड्यात कळतं.

सरकार पैसे देतं, मग आम्ही का राबायचं?

रास्त प्रश्न. इमारत, आहार, मानधन, लस ही सरकारचीच जबाबदारी आहे आणि वर्गणी काढून ती झाकू नये. वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. अशा ठिकाणी वर्गणीतून बालवाडी सुरू करण्याआधी ४० नावांची यादी, प्रत्येक मुलाची जन्मतारीख आणि पालकांच्या सह्या असलेला अर्ज प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. मागणीची तारीख त्या पोचवरच असते.

जे काम खात्याला दुरून जमतच नाही, ते गावाने करायचं. अंगणवाडी किती वाजता उघडली, वाडीवरची चार मुलं का येत नाहीत, कुणाचं मूल महिनाभर ताप धरून आहे, हे प्रकल्प कार्यालयातून दिसत नाही. पर्यवेक्षिकेकडे अनेक अंगणवाड्या असतात. शेजारच्या ओट्यावर बसणाऱ्या आजीला मात्र हे सगळं दिसतं.

महाराष्ट्रात याचा चांगला नमुनाही झाला आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी सेवांना हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत, तो तक्ता गावात लावला जाई आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचला जाई. तक्रार एकट्याची असली की ती भांडण ठरते. तक्त्यावर चढली की तिला उत्तर द्यावंच लागतं.

दंडघेराची पट्टी: आईच्या हातातली तपासणी

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडाचा घेर मोजायची एक रंगीत पट्टी असते. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे लाल, अतितीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या आत पिवळा, मध्यम कुपोषण. त्यापुढे हिरवा. मोजायचं असं: डावा हात, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण, मग हात सैल खाली सोडून पट्टी गुंडाळायची. पट्टी त्वचेला टेकली पाहिजे, पण मांस दबता कामा नये. मुलाने हात वाकवला किंवा पट्टी सैल राहिली तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि लाल मूल पिवळ्यात जातं. कोणत्याही आईला हे अर्ध्या तासात शिकता येतं.

दंडघेर आणि उंचीनुसार वजन या दोन कसोट्या नेहमी तीच मुलं पकडत नाहीत. पट्टी हिरवी आली म्हणून वजन-उंची टाळायची नाही. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, मोठ्याची उंची उभं करून. काटा शून्यावर आणायला विसरणं, अंगातला स्वेटर न काढणं, उंची ‘साधारण’ टाकणं या तीन चुका सर्वात जास्त होतात. दोन्ही पायांना सूज असेल आणि बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर वजन कितीही असो, ते मूल अतितीव्र कुपोषितच धरायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. लाल मूल सापडलं की पहिला जाब सेविकेला विचारला जातो. मग आकडे पिवळ्याकडे सरकायला लागतात. मुलांची मोजमापं दर महिन्याला दोन-तीन आयांसमोर घेतली आणि सापडलेलं मूल ही शोधणाऱ्याची चूक नाही असं गावाने मानलं, तर आकडा लपवायचं कारणच उरत नाही. त्या मुलासाठी ग्राम बालविकास केंद्र, बोलीत व्हीसीडीसी, चालवता येतं: ठरावीक दिवस, दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालायचं, कारण लहान पोटात एका वेळी जास्त मावत नाही. ते फसतं कुठे? आई सकाळी सातला मजुरीला जाते आणि दुपारच्या दोन खेपांना मुलाला आणायला घरी कुणीच नसतं. दोन शेजारणींनी पाळी लावून मूल आणलं, तर ते दिवस पुरे होतात. याला एक रुपया लागत नाही.

मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत दिवाळीनंतर हे सगळं कोलमडतं. कुटुंब फडावर गेलं की मुलाचं नाव गावच्या यादीत आणि मूल दोनशे किलोमीटरवर. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवायची सोय आहे, पण कोण कोणत्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाला माहीत असतं, सेविकेला नाही. निघण्याआधी मुकादमाकडून ती यादी मिळवून देणं हाही लोकसहभागच.

शिकवण्यात गावाचं काय काम?

पुष्कळ. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं आणि अंगणवाडीत मराठी ऐकतं. तीन वर्षांचं मूल गप्प बसलं की त्याला ‘मंद’ म्हणून सोडून दिलं जातं, खरं तर त्याला प्रश्नच कळलेला नसतो. आठवड्यातून दोन दिवस एखादी आजी येऊन त्यांच्या भाषेत गोष्ट सांगेल, वस्तूंची नावं दोन्ही भाषांत घेईल, तर मूल बोलायला लागतं. सुताराकडचे उरलेले ठोकळे तासून गुळगुळीत करून घेतले की मोजणी आणि रचना दोन्ही होतात. मात्र तुकडा मुलाच्या मुठीपेक्षा मोठा हवा, नाहीतर तो घशात अडकेल.

पालकांचा एक आग्रह इथे नडतो: ‘आमच्या पोराला एबीसीडी लिहायला शिकवा.’ खासगी नर्सरीशी तुलना होते आणि सेविका पाट्या वाटते. तीन-चार वर्षांच्या बोटांचे स्नायू लेखणी धरण्याइतके तयार नसतात. मणी ओवणं, माती मळणं, कागद फाडणं ही त्याची तयारी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे, त्यामुळे या वयात खेळ हाच अभ्यासक्रम.

सेविकेवर आणखी एक ओझं?

होऊ शकतं, आणि नीट न ठरवता केलेला लोकसहभाग हमखास तिच्याच डोक्यावर पडतो. केंद्राच्या ऑक्टोबर २०१८ च्या दरानुसार सेविकेचं मानधन महिना ४,५०० आणि मदतनिसाचं २,२५० रुपये होतं. राज्य त्यात आपली भर घालतं. तरी ते पगार नव्हे, मानधनच. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपमध्ये ओळखून घ्यावा लागतो. नेटवर्क नसलं की एका पाकिटासाठी आईला उन्हात तीनदा उभं राहावं लागतं. त्यात पाहुणे आले की स्वागतगीत बसवा, रांगोळी काढा.

म्हणून एक नियम पाळावा. मदतीने सेविकेचा वेळ वाचत असेल तर ती घ्या, वेळ खात असेल तर नको म्हणा. पाणी भरून ठेवणं, वाडीवरची मुलं हाताला धरून आणणं, परसबागेला पाणी घालणं यांत वेळ वाचतो. दर महिन्याला फोटोसह अहवाल मागणारी देणगी वेळ खाते.

गावचं राजकारण आणि जात

कागदावर समिती सगळीकडे असते. केंद्राच्या २०११ च्या सूचनांनुसार प्रत्येक अंगणवाडीसाठी देखरेख व सहाय्य समिती हवी. प्रत्यक्षात पुष्कळदा सरपंचांच्या घरातल्याच दोघी-तिघी आणि घरी पाठवून सह्या घेतलेली वही. त्याहून कठीण प्रश्न जागेचा. अंगणवाडी वरच्या आळीत, देवळाच्या सभामंडपात भरत असेल, तर खालच्या वस्तीतली मुलं नावाला पटावर आणि प्रत्यक्षात घरी. मदतनीस दलित असली की काही घरं डबा घरूनच देतात. हे दिसत असून ‘आपल्या गावात असं काही नाही’ म्हणणारी समिती नसलेलीच बरी.

सदस्य निवडताना पदापेक्षा मुलाचं वय पाहा. ज्यांची मुलं आज अंगणवाडीत येतात अशा आया निम्म्याहून अधिक हव्यात आणि प्रत्येक वस्तीतून किमान एक. बैठक अंगणवाडीतच, संध्याकाळी, मजुरी बुडणार नाही अशा वेळी. मूल शाळेत गेलं की सदस्यत्व संपलं.

कंपनी किंवा संस्था आली तर

कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि कुपोषण निर्मूलन त्या यादीत आहे. खासगीकरणाची भीती तिथूनच येते. दत्तक घेणाऱ्याला अंगणवाडीची मालकी मिळत नाही, सेविकेची नेमणूकही त्याच्या हातात नसते. त्यामुळे ती भीती जशी मांडली जाते तशी खरी नाही. खरी काळजी वेगळी आहे: रस्त्याकाठची, गाडी पोचते ती अंगणवाडी तीनदा दत्तक जाते आणि डोंगरापलीकडची एकदाही नाही. म्हणून निवड देणाऱ्याने नव्हे, प्रकल्प कार्यालयाने गरजेच्या यादीवरून करावी.

मदत घेण्याआधी एका पानाचा करार लिहा. काय देणार, किती वर्षं, दुरुस्ती कुणाची, विजेचं बिल कुणाचं, सुट्टीत वस्तू कुठे राहणार आणि कुलपाची किल्ली कुणाकडे. सेविकेने वस्तू त्याच दिवशी जडवस्तू नोंदवहीत चढवावी, नाहीतर ती हरवल्यावर तिची मागणीही करता येत नाही. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोत. कुपोषित मुलाचा चेहरा तर संमती मिळाली तरी दाखवू नये, ते मूल उद्या मोठं होऊन याच गावात राहणार आहे.

सुरुवात कुठून करायची?

एक कागद घ्या आणि सेविका, मदतनीस व चार-पाच आयांसोबत अंगणवाडीतच बसा. काय कमी आहे ते लिहा आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक अक्षर टाका: ‘आ’ म्हणजे आपण आठवड्यात करू, ‘ग्रा’ म्हणजे ग्रामपंचायत, ‘खा’ म्हणजे खातं. माठ झाकणं, दाराची कडी, परसबाग हे ‘आ’. शौचालयाची दुरुस्ती, नळजोडणी, कुंपण हे ‘ग्रा’. नवी इमारत, रिक्त पद, बंद काटा, थकलेलं बिल हे ‘खा’.

‘ग्रा’ची यादी आधी महिला सभेत मांडा, ती ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते. तिथला ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्या. पैसा नाही असं उत्तर आलं तर विचारा: स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो यंदा कशावर झाला? ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न ३ लाख असेल तर ही रक्कम ३०,००० होते. ती बरेचदा मार्चअखेर घाईत सतरंज्या आणि खुर्च्यांवर संपते. म्हणून मागणी विकास आराखडा बनताना घाला, मार्चमध्ये नव्हे.

‘खा’च्या मुद्द्यांसाठी प्रत्येक विषयाला वेगळा अर्ज करा. एकाच अर्जात सात मागण्या असल्या की त्यातली सर्वात सोपी पूर्ण करून फाईल बंद होते. अर्जाची एक प्रत पर्यवेक्षिकेला, एक बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला, आणि पोच घेतलेली प्रत अंगणवाडीच्या फाईलमध्ये. नवीन इमारतीबद्दल बोलताना एक आकडा हाताशी ठेवा: केंद्राच्या मिशन पोषण २.० या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एका अंगणवाडीच्या बांधकामासाठी १२ लाख रुपये धरले होते, त्यातले ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोगाच्या निधीतून आणि २ लाख महिला व बालविकास खात्याकडून. शौचालयासाठी ३६,००० आणि पिण्याच्या पाण्यासाठी १७,००० रुपये वेगळे. रक्कम तीन ठिकाणांहून येत असल्यामुळे एक हिस्सा आला नाही की काम जोत्यावर थांबतं. ते थांबलं तर कोणता हिस्सा अडलाय हे आधी शोधा आणि अर्ज त्याच दारात द्या.

महिनाभराने तोच कागद पुन्हा काढा. ‘आ’ची कामं निम्मीही झाली नसतील, तर ग्रामसभेत आवाज चढवण्याआधी दाराची कडी बसवून घ्या.